संपून जाणाऱ्या भेटी

सणासुदीला मराठी घरांत हाताने करून जे दिले जाते, त्यातले बहुतेक टिकावे म्हणून केलेलेच नसते. दसऱ्याला दिलेले आपट्याचे पान दुसऱ्या दिवशी सुकते. दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत डब्याच्या तळाशी जातो. संक्रांतीचा हलवा पावसाळी हवा लागली की चिकटून त्याचा गोळा होतो. टिकाऊ वस्तूंची देवघेव या समाजात कमी आहे असे नाही, पण तिची जागा वेगळी आहे. लग्नामुंजीतला आहेर टिकाऊ असतो आणि म्हणूनच तो लिहून ठेवला जातो. मांडवाच्या कोपऱ्यात कुणीतरी वही-पेन घेऊन बसते, पाकिटावरचे नाव वाचून आकडा टिपते, आणि समोरच्या घरी कार्य निघाले की तीच वही पुन्हा उघडली जाते. फराळाच्या ताटाची अशी वही कुणी ठेवलेली नाही. किती चकल्या गेल्या आणि किती आल्या हे मनात असते, क्वचित ओठांवरही येते, पण कागदावर येत नाही. खाऊन संपलेल्या वस्तूचा हिशेब फार दिवस धरून ठेवता येत नाही. सणाच्या भेटी हलक्या राहिल्या, त्याचे एक कारण हे असावे.

वर्षातली सर्वांत हलकी भेट दसऱ्याची. आपट्याचे जोडपान 'सोने' म्हणून हातावर ठेवायचे, मोठ्यांच्या पाया पडायचे, आणि दुसऱ्याने दिलेले तसेच पान घेऊन पुढच्या घरी जायचे. यामागे सांगितली जाणारी रघुराजा आणि कौत्साची कथाही घेण्याच्या मर्यादेची आहे. वरतंतू ऋषींनी शिष्य कौत्साकडे चौदा कोटी सुवर्णमुद्रा गुरुदक्षिणा मागितली आणि कौत्स ती मागायला रघूकडे गेला. रघूसाठी कुबेराने आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला, पण कौत्साने चौदा कोटींच्या वर एक मुद्रा उचलली नाही. उरलेले सोने लोकांनी लुटले. पान देण्याची रीत त्या लुटीची आठवण म्हणून पाळली जाते, कौत्साच्या हात आखडण्याची नव्हे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. शहरे वाढली तशी ही फुकटची भेट विकत घ्यावी लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत फांद्यांचे भारे येऊन पडतात, त्यांत आपट्याच्या नावावर कांचनाची पानेही खपतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे कचऱ्याच्या गाडीत जाते. पुष्कळ घरांनी आता पान सोडून नुसता नमस्कार आणि शब्द ठेवले आहेत. त्यात फारसे काही बिघडलेले नाही.

दिवाळीची गोष्ट निराळी. इथे भेट म्हणजे श्रम, आणि तो लपवण्याचा कुणी प्रयत्नही करत नाही. चकलीची सुरुवात चकलीच्या किती तरी आधी, भाजणीपासून होते. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धणे, जिरे हे सगळे वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ वेगळा. प्रमाण घराघरांत बदलते आणि आपलेच बरोबर याबद्दल कुठल्याच घरात शंका नसते. मग भाजणी गिरणीत न्यायची आणि आधी कुणाचे काय दळले याची चौकशी करायची. गव्हाच्या पाठोपाठ दळली तर चकली बिघडते, म्हणून तांदळाच्या किंवा डाळीच्या मागे नंबर लावायचा. मोहन जास्त झाले तर चकली तेलात विरते, कमी झाले तर दातांना दाद देत नाही. सोऱ्यातून पडलेल्या वेटोळ्यावर काटा उभा राहिला म्हणजे पीठ जमले.

अनारसा याहून हट्टी. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरायचे, आणि पूर्ण सुकू न देता, हाताला किंचित ओल लागत असतानाच कुटून चाळायचे. त्यात गूळ किंवा साखर आणि थोडे तूप घालून गोळे बांधायचे आणि ते डब्यात मुरत ठेवायचे. पाच-सहा दिवसांनी पीठ आंबूस मऊ झाले की खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर तुपात सोडायचे. अनारसा उलटत नाहीत, वरून झाऱ्याने तूप उडवत राहतात. पीठ सैल झाले, गूळ चढला किंवा तूप जास्त तापले, की अनारसा कढईत पसरून विरघळतो. बायका त्याला 'हसला' म्हणतात. कढईत अनारसा हसला की स्वयंपाकघरात कुणालाही हसू येत नाही. नऊ-दहा दिवसांच्या खटाटोपाचा निकाल अशा एका मिनिटात लागतो, आणि निम्मे हसले तर उरलेले निम्मे चांगले तेवढे बाहेर द्यायला काढून ठेवतात. मोडके, करपलेले, बसके ते घरच्यांच्या वाट्याला. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी तो घरोघर पाळला जातो. अधिक मासात जावयाला जाळीदार पदार्थाचे तेहतीस नग देण्याची रीत आहे. त्या वर्षी अनारशांची परीक्षा दोनदा होते.

करंज्यांना मात्र एकटीचे हात पुरत नाहीत. साटा लावून केलेल्या लाट्या वाळता कामा नयेत, म्हणून एकीने लाटायचे, दुसरीने सारण भरायचे, तिसरीने कातण्याने कापायचे किंवा मुरड घालायची, चौथीने तळायचे. वाड्यांत आणि चाळींत दुपारी घरे वाटून घेतलेली असत. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जिच्याकडे करंज्या, तिने चहा करायचा. करंज्या झाल्या की शेवटी एक मोदक करायचा आणि मोदक केले की एक करंजी करायची, दोघे बहीणभाऊ म्हणून. त्या दुपारी कुणाच्या घरात काय चालले आहे हे साऱ्या मजल्याला कळे, त्यामुळे ज्यांना काही लपवायचे असे त्यांना ही दुपार जड जात असणार.

मग ताट भरायचे. लाडू, करंज्या, चकल्या, शंकरपाळे, बाजूला वाटीत चिवडा, वर क्रोशाने विणलेला रुमाल, आणि ते घेऊन जायला घरातले सर्वांत लहान पण ताट न सांडणारे मूल. हे ताट रिकामे परत येत नाही. त्या घरचा फराळ झालेला असेल तर तो येतो, नसेल तर निदान साखर तरी ताटात पडते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये भेटीवर दीर्घ निबंध लिहिला. देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने सर्वत्र एकत्र नांदतात, असे त्याने दूरदूरच्या समाजांची उदाहरणे देऊन मांडले. त्यातल्या काही समाजांत परतीची भेट आधीच्या भेटीहून मोठी करण्याची चढाओढ लागे आणि घरेच्या घरे त्यात धुऊन निघत. फराळाच्या ताटात ही चढाओढ शिरली नाही, कारण दोन्ही बाजूंचे पदार्थ तेच. लाडूच्या बदल्यात लाडूच. चढाओढ होते ती हाताची: हिचा लाडू टाळूला चिकटतो, तिचा चिवडा तेलकट, आमच्याकडची शेव वाऱ्यावर उडेल. ही टीका चविष्ट असते आणि पैशांत मोजता येत नाही. श्रीमंत घरात तूप बरे असेल, बेदाणे जास्त असतील, पण गरीब घरच्या चकलीला काटा आला आणि श्रीमंताच्या चकलीला आला नाही, तर आळीचा निकाल काय लागतो ते सगळ्यांना ठाऊक असते.

ताटाचे खरे काम कळते ते दुःखाच्या घरी. ज्या घरात वर्षभरात कुणी गेले आहे, तिथे त्या दिवाळीला कढई चढवत नाहीत. शेजारी आणि नातलग फराळ नेऊन देतात, तोही बहुधा गाजावाजा न करता. गोव्यात ख्रिस्ती घरांची नाताळची रीत याच वाटेने जाते. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंक अशा पदार्थांना तिथे 'कुस्वार' म्हणतात. त्यांची ताटे विणलेल्या रुमालांनी झाकून शेजारीपाजारी फिरतात, हिंदू घरीही जातात, आणि दुखवट्यामुळे ज्यांनी काही केलेले नाही त्यांच्याकडे आवर्जून जातात. दोदोल म्हणजे तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ तासन्‌तास ढवळत राहणे, आणि बेबिंक म्हणजे एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा न ओतणे. दोन धर्मांच्या, दोन चुलींच्या या रीती एकमेकींना इतक्या ओळखतात की कुणी कुणाकडून घेतली हे विचारण्यात अर्थ नाही. करंजी आणि नेवरी या तर सख्ख्या बहिणी.

दिवाळीत खाण्याखेरीजही हाताने करण्याचे बरेच असते. आकाशकंदिलाला बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ एवढे साहित्य पुरते. कामट्यांचे चौकोन बांधायचे, ते जोडून सांगाडा उभा करायचा, कागद ताणून चिकटवायचा, खाली झिरमिळ्या सोडायच्या. कागद ताणताना एक बाजू नेहमी सैल पडते. झुरळांना खळ फार आवडते, त्यामुळे माळ्यावर ठेवलेला कंदील पुढच्या वर्षी चाळणी होऊन निघतो आणि नवा करावा लागतो. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी दोन्ही बाजूंना तयार कंदील टांगलेले असतात, आणि ते पाहायला येणाऱ्यांत पुष्कळ जण घरी करायच्या कंदिलाचा नमुना डोक्यात भरून नेतात, हे तिथल्या विक्रेत्यांना चांगले माहीत असते. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली आणि बांबू-कागदाला, कापडाला थोडे बरे दिवस आले.

कागदाचा विषय निघालाच आहे तर दिवाळी अंकाचाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि वाचायला देण्याची भेट मराठी सणात कायमची आली. त्याची धाकटी भावंडे म्हणजे शाळांची, वसाहतींची, कार्यालयांची हस्तलिखिते: एकच प्रत, सुंदर अक्षर असलेल्या एखादीने किंवा एखाद्याने रात्री जागून उतरवलेली, पोस्टर कलरने रंगवलेले मुखपृष्ठ, आणि ती घरोघर फिरून येईपर्यंत पानांना लागलेले चिवड्याचे बोट. साहित्य म्हणून त्यातले फार थोडे टिकले. टिकावे अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

भाऊबीजेला मात्र पैसा येतो, आणि उघडपणे येतो. ओवाळणीच्या तबकात पडणारी नोट ही भेटवस्तूंच्या जगात सर्वांत अरसिक समजली जाते. अर्थशास्त्र तिच्या बाजूने आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना नाताळात मिळालेल्या भेटींची किंमत विचारली, म्हणजे ही वस्तू स्वतः घ्यायची झाली तर किती मोजाल, असे. देणाऱ्याने खर्च केलेल्या रकमेचा दहावा हिस्सा ते एक तृतीयांश एवढा भाग वाया गेल्याचे त्याच्या हिशेबात निघाले. नात्याने किंवा वयाने जो दूर, त्याची भेट जास्त वाया जाते. आजी-आजोबा रोख देतात तेच शहाणपणाचे. त्याने प्रश्न विचारताना भावनिक मोल बाजूला ठेवायला सांगितले होते, ही तळटीप सहसा कुणी सांगत नाही. सोनपापडीच्या न उघडता पाच घरे फिरणाऱ्या डब्याला त्याचा सिद्धांत चपखल बसतो. हाताच्या अनारशाला बसत नाही, कारण बाजूला ठेवायला सांगितले होते तेच त्या अनारशात भरलेले असते.

ओवाळणीच्या पैशाचेही असेच काहीतरी होऊ शकते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) मध्ये भाऊबीजेला माहेरून आलेल्या पैशांतून आई स्वतःला काही न घेता वडिलांसाठी धोतर आणवते. नोट एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि तिची भेट झाली. महर्षी कर्वे यांनी उभ्या केलेल्या स्त्री-शिक्षण संस्थेने भाऊबीज निधी सुरू केला तोही याच धर्तीवर. घरच्या बहिणीबरोबर शिकणाऱ्या अनोळखी बहिणीच्याही तबकात थोडे टाकायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या छोट्या रकमांच्या पावत्या फाडल्या गेल्या आहेत.

सगळ्या वर्षात कष्ट आणि उपयोग यांचे गणित सर्वांत विचित्र दिसते ते संक्रांतीच्या हलव्यात. साखरेचा पाक करायचा, दुधाचा शिपका देऊन त्याची मळी काढायची आणि तो बाजूला कोमट ठेवायचा. शेगडीवर अगदी मंद निखारा, त्यावर परात किंवा पसरट कढई, तिच्यात निवडलेले तीळ. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांनी हलकेच फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. बुडाशी साखर धरली की दाणे काढून भांडे पुसायचे, भुकटी चाळून टाकायची आणि पुन्हा सुरुवात. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे दिसतात. मग दाणा गोल होऊ लागतो, आणि नंतर, हवा कोरडी आणि थंड असेल तर, त्यावर काटा फुटतो. पाकातले पाणी झपाट्याने उडते, साखर आधीच्या उंचवट्यांवर बसत जाते आणि उंचवटे आणखी उंच होतात. हात जोरात फिरला तर काटे झडतात. फिरायचा थांबला तर दाणे एकमेकांना धरतात. पाक घट्ट झाला तर गाठी होतात. पुण्या-नाशिकच्या पहाटेच्या थंडीत जो काटा सहज येतो, त्यासाठी समुद्रकाठच्या दमट हवेत बराच घाम गाळावा लागतो. परात गरम असते, पाक गरम असतो, आणि चमच्याने हे काम होत नाही. बोटांची टोके काही दिवस बधिर राहतात. तिळाप्रमाणे खसखस, साबुदाणा, लवंग, शेंगदाणा, मगजबी यांच्यावरही हलवा चढवतात. लवंगेच्या हलव्याला देठ राहतो, म्हणून तो फुलांना बरा.

इतके करून हा हलवा वाटीभर खायला दिला तर लहान मूल दोन मिनिटांत संपवते. म्हणूनच कदाचित त्याचे दागिने केले गेले. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, नथ, कंबरपट्टा घालतात. जावयाच्या हातात हलव्याचा नारळ, गळ्यात हार, मनगटावर हलव्याचे घड्याळ, आणि अलीकडे मोबाईलसुद्धा. दाण्याला भोक पाडता येत नाही, सुई टोचली की तो फुटतो. म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या फासात धरून गाठ मारायची, पुढचा दाणा, पुढची गाठ. एकीने दाणा धरायचा आणि दुसरीने दोरा ओढायचा, तर काम चालते. एकटीला तिसरा हात लागतो. पांढरा दागिना काळ्या कापडावर उठून दिसतो, आणि वर्षभर अशुभ मानलेला काळा रंग थंडीत ऊब धरतो म्हणून या एका सणाला चालतो. संध्याकाळी फोटो निघतो, दागिने उतरतात आणि डब्यात जातात. खऱ्या दागिन्यांवरून घरात भांडणे होतात. हलव्याच्या दागिन्यावरून कुणी भांडल्याचे ऐकिवात नाही.

बाळाच्या बोरन्हाणाला हीच तयारी छोट्या मापात. काळे झबले, हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, मुलगा असेल तर हातात बासरी. बाळाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे, हलवा ओततात आणि जमलेली मुले ते लुटायला तुटून पडतात. ज्याच्यासाठी हे सगळे केले ते बाळ बहुधा रडत असते. मुकुट दहा मिनिटे डोक्यावर राहिला तर पुष्कळ. आजीने तीन संध्याकाळी बसून केलेला मुकुट बाळ ओढून तोंडात घालते, आणि त्याला कुणी अडवत नाही, कारण तो साखरेचा आहे.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालते आणि त्यात वाण लुटतात. सुगडात गाजर, बोरे, उसाचे तुकडे, हरभरे, शेंगा, तीळ हे त्या हंगामाचे शेत भरायचे आणि ते द्यायचे, ही त्याची मुळातली सोय. पुढे वस्तू आली. फणी, आरसा, वाटी, डबी, मग स्टील, मग प्लास्टिक. बेरजेचे गणित सोपे आहे. पन्नास बायकांना वाण द्यायचे म्हणजे पन्नास एकसारख्या स्वस्त वस्तू लागतात, आणि पन्नास घरी हळदीकुंकवाला गेले की पन्नास निरनिराळ्या निरुपयोगी वस्तू घरात जमतात. संपून जाणारी भेट साठणारी झाली ती इथे. त्याहून जुना दोष या समारंभाच्या दारातच होता. ज्या बाईने चातुर्मासात बसून देवासाठी वाती वळल्या, कापसाची वस्त्रे केली, तिचा नवरा गेलेला असेल तर तिला हळदीकुंकवाचे बोलावणे नसे. तिच्या हाताचे चाले, ती चालत नसे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर इतर गावांतही तसे ठराव झाले. हाताने केलेल्या भेटींबद्दल हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी ही बाजू सहसा गाळली आहे.

हात कुणाचे, हा प्रश्न तिथे संपत नाही. भाजणी, अनारसे, हलवा, वाती ही सगळी बायकांची बिनपगारी मजुरी होती आणि तिला नकार देण्याची सोय नव्हती. सून नोकरीला लागली तेव्हा दिवाळीची रजा कढईपुढे गेली. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभा राहिला. घरातल्या कौशल्याला बाजारात दाम मिळतो हे त्यातून साऱ्यांना दिसले. आज दिवाळीत दादर, ठाणे, पुणे इथे बचत गटांचा आणि घरगुती व्यावसायिकांचा फराळ किलोवर मिळतो, खोक्यांत भरून परदेशी मुलांकडे रवाना होतो, आणि हलव्याचे दागिने संचाच्या भावाने विकले जातात. ते करणारीचे हातही हातच आहेत. फरक एवढाच की तिला पैसे मिळतात आणि घेणाऱ्याला तिचे नाव माहीत नसते.

मग विकतचा लाडू आणि घरचा लाडू यांत देणाऱ्याला फरक का वाटतो? २०१२ साली संशोधक मायकेल नॉर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांकडून कागदाच्या घड्यांची खेळणी करून घेतली. नवशिक्यांनी स्वतःच्या वेड्यावाकड्या खेळण्याला जवळपास कसबी कारागिराच्या खेळण्याइतकी किंमत लावली, आणि इतरही तेवढीच लावतील असे त्यांना वाटले. इतरांनी लावली नाही. हे हाताने भेट करणाऱ्या प्रत्येकाने ऐकून ठेवण्यासारखे आहे, कारण स्वतः केल्याचा आनंद घेणाऱ्यापर्यंत आपोआप पोचत नाही. फराळाच्या व्यवहारात तो पोचत असे तो एका साध्या कारणाने. घेणारीनेही त्याच आठवड्यात चकली केलेली असे. काटा यायला काय लागते हे तिला ठाऊक असे, त्यामुळे तिचे कौतुकही खरे आणि नाक मुरडणेही खरे. करणाऱ्यांच्या समाजातच हाताच्या भेटीला पारखी मिळतो. ज्याने कधी सोऱ्या धरला नाही, त्याला घरची चकली आणि दुकानातली चकली यांत दुकानातली जास्त सुबक दिसली तर त्याचा दोष नाही.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाने १९७० मध्ये वाटी-चमच्याच्या मापाने हे पारखीपण जरा लांबपर्यंत नेले. आईजवळ नसलेल्या मुलींना, आणि पुढे मुलांनाही, पुस्तक समोर ठेवून कढई चढवता आली. आताची पिढी आणखी वेगळे करते. अनारशाचे तयार पीठ आणते आणि अनारसे घरी तळते. भाजणी विकत घेते आणि चकल्या घरी पाडते. हलवा दुकानातून आणते आणि दागिने घरी गुंफते. कुरकुर करणारे याला अर्धवट म्हणतात. पण कोणता टप्पा बाहेर गेला आणि कोणता घरात राहिला हे नीट पाहिले, तर निवड आंधळी वाटत नाही. तांदळाचे पाणी रोज बदलणे, धान्य भाजणे, पहाटे उठून परातीतले तीळ चोळणे ही कामे एकटीची होती आणि ती गेली. लाडू वळणे, सोऱ्या फिरवणे, एकाने दाणा धरून दुसऱ्याने गाठ मारणे ही कामे चार जणांत होतात आणि ती राहिली. त्यांत आता नवरे आणि मुलगेही बसलेले दिसतात, कारण या टप्प्याला पूर्वतयारीचे कसब लागत नाही आणि गप्पा मारता येतात.

वाणाचाही काही ठिकाणी असाच फेरविचार चालू आहे. प्लास्टिकच्या डबीऐवजी जुन्या साडीची शिवलेली पिशवी, भाजीचे बी, रोप, पुस्तक असे काहीबाही देतात. रोपाची कल्पना ऐकायला गोड, पण बाल्कनीला ऊन नसलेल्या घरात पन्नास घरची पन्नास रोपे कुठे ठेवायची हा जुनाच प्रश्न हिरव्या रंगात परत येतो. बी त्यापेक्षा बरे, नाही पेरले तरी जागा अडत नाही. साडीची पिशवी बहुतेक ठिकाणी वापरात राहते. ती मंडईत जाते, तेलाचे डाग खाते, बंद तुटले की पुसायला होते. शिवायला अवघड नाही, एका नऊवारीत पुष्कळ निघतात, आणि कुणाच्या साडीची आहे हे काठावरून ओळखू येते.